आठ चकत्यांचं वजन

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

माहनूर,

तुझा मेसेज परवा आला. नंबर नवीन होता, म्हणून आधी वाटलं कुठल्या तरी विमावाल्याचा असेल. मग ‘सर’ दिसलं आणि खाली तुझं नाव. मी भिंतीसमोरच्या बाकावर बसलो होतो. तिथून उठून शेडच्या बाहेर गेलो, दोन मिनिटं उगाच जालना रोडवरचे ट्रक बघितले आणि परत आत आलो. दीड वर्षानंतरचा तुझा पहिला मेसेज, आणि तोही हुकूम सोडल्यासारखा: “मला परत चढायचंय. बारा आठवड्यांचा प्लॅन द्या. फोन नको, कागदावर लिहून सिल्लोडला पाठवा. लिहिलेलं फिरवता येत नाही.”

हे शेवटचं वाक्य माझं आहे, बाईसाहेब. एकोणीस वर्षं कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. कंपनी बंद पडल्यावर तिच्या शेजारच्या शेडमध्ये ही चढायची भिंत उभी केली आणि तिथला खाक्या इथे तुम्हा पोरांवर चालवला. वही पेनानं लिहायची. रोज चार रकाने भरायचे: वजन, सेकंद, दुखणं, घरी. ‘घरी’ म्हणजे भिंतीव्यतिरिक्त घरी काय व्यायाम केला ते. चुकलं तर खाडाखोड नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि चूक ज्याची त्याची सही. हिमांशू या सगळ्याला ‘सरांचं तहसील ऑफिस’ म्हणायचा. तू मात्र कधी कुरकुर केली नाहीस.

तर प्लॅन. रोजे अठरा-एकोणीस फेब्रुवारीला सुरू होतील. २४ नोव्हेंबरच्या सोमवारी सुरुवात केलीस तर बारा आठवडे १५ फेब्रुवारीला संपतात, म्हणजे रमजान आरामात आणि हलक्या कामात जाईल. मागच्या वेळीही आपण असंच बसवलं होतं, आठवतं? इफ्तारनंतर तासभर सोपं चढायचं आणि मधूनमधून खजूर. तो महिना फार चांगला गेला होता.

पहिले चार आठवडे पाया. सिल्लोडला भिंत नाही, तेव्हा मी दिलेला लाकडी बोर्ड दाराच्या चौकटीवर ठोकायचा. वीस मिलिमीटरची कड आहे, तीच धरायची, बोटं अर्धी वाकवून. पाय स्टुलावर ठेवायचे. सगळं वजन बोटांवर घ्यायचं नाही, निम्मं पायांवर राहू दे. सात सेकंद धर, तीन सेकंद सोड, असं सहा वेळा. मग तीन मिनिटं विश्रांती. असे चार फेरे, आठवड्यातून तीन दिवस आणि लागोपाठ नाही. यानं हाताला दम येईल. कोपराखालचा हात भरून आला की थांबायचं, मर्दुमकी नको. बाकीचे दिवस चालणं, जिने, पोटाचे व्यायाम.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात ताकद. पाय स्टुलावरून काढायचे, हार्नेसला थोडं वजन लावायचं, वेळ दहा सेकंद. हार्नेस पाठवतो. नवव्या ते अकराव्यात दोन्ही एकत्र, पण त्याला खरी भिंत हवी. रविवारी इथे यावं लागेल.

चौथा, आठवा आणि बारावा आठवडा हलका. निम्मं काम. हा आठवडा कुणीही खोडायचा नाही. मी जरी म्हटलं ‘खोड’, तरी खोडायचा नाही. खाली दुहेरी रेघ मारली आहे, बघ.

तू लिहिलंस, “माझी बोटं मुळातच कच्ची आहेत, वीस किलोला फाटली, ते धरून लिहा.” तुझी बोटं कच्ची नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच झालं होतं: अनामिकेच्या तळाशी शीर हाडाला धरून ठेवणारा पट्टा फाटला. असं चांगल्याचांगल्यांना होतं. बाकी तो विषय आता उकरायला नको.

वडिलांनी अजून होकार दिलेला नाही, “आधी घरात माझ्यासमोर कर, मग बघू” म्हणतात, असंही लिहिलंस. बरोबर आहे त्यांचं. वहाबभाईंना माझा सलाम सांग. की नकोच सांगू. तू ठरव.

राजेंद्र सर


चिकलठाणा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

माहनूर,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन शेडचं दार वाजवून “सेलूकर कोण?” म्हणाला तेव्हा पोरांनी भिंतीवरून माना वळवल्या. स्वराली तर लटकतच विचारत होती, “सर, तुम्हाला पत्र येतं?” त्या नादात हात सुटला आणि गादीवर आपटली. काही लागलं नाही. तू इथे होतीस तेव्हा ती पहिल्या पकडीपर्यंत पोचत नव्हती. आता निळा रूट एका दमात जाते आणि उतरून माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिला अडवून ठेवलं होतं.

पहिला आठवडा सुरळीत गेला हे चांगलं झालं. चौथ्या फेऱ्याला हात भरून येतो म्हणतेस, तो यायलाच हवा. अनामिकेच्या तळाशी दुखणं शून्य लिहिलं आहेस. शून्य असेल तरच शून्य लिही. एक असेल तर एक. तुझं दुखणं मी वाचणार आहे, यावेळी नीट वाचणार आहे.

आता तुझे प्रश्न.

“माझा शेवटचा आकडा वीस किलो. पाचव्या आठवड्याला त्याच्या साठ टक्क्यांनी सुरुवात, म्हणजे बारा. बरोबर ना?” गणित बरोबर आहे. पण तू वीस धरू नकोस. दीड वर्षात फार फरक पडतो, जुन्या आकड्याला चिकटून राहण्यात अर्थ नाही. आपण नव्यानं मोजू. आठ-नऊ किलोपासून सुरू कर.

“हार्नेसला लावायच्या त्या आठ चकत्या पाठवा, माझ्या सवयीच्या आहेत.” त्या गंजल्यात, माहनूर. पावसाळ्यात शेड गळली, कोपऱ्यात पाणी साचलं. मी नवीन आठ करायला टाकल्या आहेत, अडीच-अडीच किलोच्या, जशा होत्या तशाच. पुढच्या आठवड्यात हाती येतील. २२ डिसेंबरच्या आत तुझ्याकडे पोचतील, काळजी नको.

“वहीतली शेवटची ओळ अर्धी आहे, ती पुरी करायची का?” त्या दिवसाची, सहा जूनची ओळ. वजन तू आधी लिहून ठेवलं होतंस, घरीचा रकानाही भरला होतास, आणि सेकंद लिहायला हात राहिला नाही. राहू दे तशीच. नवीन पान घे.

वहाबभाई समोर बसतात का व्यायामाला? तू लिहिलं नाहीस. बसत असतील तर त्यांना कंटाळा येऊ देऊ नकोस, विश्रांतीत चहा करून दे.

हे पत्र लिहायला मला तीन तास लागले. उमा दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, “अहो, प्लॅन लिहिताय की जबानी?” मी म्हटलं, प्लॅन.

राजेंद्र सर


चिकलठाणा
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

माहनूर,

चकत्या गंजलेल्या नाहीत. शेड गळली नव्हती. दर दिवाळीला मी त्या पुसून तेल लावून परत कापडात गुंडाळून ठेवतो. उमानं माझं मागचं पत्र पाकिटात घालायच्या आधी वाचलं आणि एवढंच म्हणाली, “गंज?” ती पाकीट टेबलावर ठेवून आत गेली, आणि मी ते तसंच पोस्टात टाकून आलो.

मग काल तुझं दुसरं पत्र आलं. तू लिहिलंस, “अब्बू रोज समोर खुर्ची टाकून बसतात. घड्याळ बघतात, फेरे मोजतात. झालं की बोर्ड काढून स्वतःच्या कपाटात ठेवतात, कुलूप लावतात. मी मागे खोटं बोलले होते म्हणून. सर, कधीकधी मलाच वाटतं की मी खालाकडे खरंच जास्तीचं केलं असेल आणि आता मला आठवत नाही. तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणाला होतात.”

हे वाचल्यावर मी पोरांना वेळेआधी घरी पाठवलं. बाकावर बसून राहिलो. आता लिहितो ते सगळं पेनानं आहे.

तू काहीही जास्तीचं केलं नव्हतंस. तुझी स्मृती ठीक आहे. चूक माझ्या चकत्यांत होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

२०२३ च्या दिवाळीआधी मी त्या आठ चकत्या ओळखीच्या वर्कशॉपमधून कापून आणल्या. अडीच किलोच्या सांगितल्या होत्या. त्यांनी जाड पत्रा लावला. घरी काट्यावर ठेवली तर एकेक तीन किलोची. आठही तशाच. कंपनीत असा माल आला असता तर मी लाल शेरा मारून परत पाठवला असता, आणि माझा हात त्यासाठी शिवशिवलाही. पण तेव्हा तू बारा किलोवर अडकली होतीस. आठवतं? बारा म्हटलं की धरायचीस, साडेबारा म्हटलं की दोन सेकंदांत सुटायचीस आणि म्हणायचीस, “सर, नाही होत.” मी तुला आकड्याची भित्री म्हणून चिडवायचो. मला वाटलं, हाताला आकडा कळत नाही, डोक्याला कळतो. मी ठोकणी घेतली आणि तीन किलोच्या आठही चकत्यांवर २.५ ठोकलं.

दुसऱ्या दिवशी तू पाच चकत्या लावून दहा सेकंद धरलंस. तुझ्या लेखी साडेबारा, खरे पंधरा. तू उडी मारून खाली आलीस आणि मला टाळी दिलीस. मीही दिली. किती शहाणा आहे मी, असं मला वाटलं. त्या रात्री सांगायला हवं होतं, पण मग म्हटलं अजून एक आठवडा बघू. मग अजून एक. पुढे तर तुझी वही तपासतानाच माझा गोंधळ व्हायला लागला. टक्के मी तुझ्या वहीतल्या आकड्यांवर काढायचो आणि खरं वजन डोक्यात ठेवायचो, कधी ठेवायला विसरायचो. ज्या माणसानं आयुष्यभर मायक्रोमीटर पुसून खिशात घातला, त्याचा हा कारभार.

मे महिन्यात राज्याच्या निवड चाचणीची तारीख आठवडाभर अलीकडे आली. प्लॅनमध्ये तुझा हलका आठवडा होता, तो मी खोडला. तू विचारलंस, “सर, हलका आठवडा?” मी म्हटलं, चाचणी झाल्यावर पोटभर आराम कर. तुझ्या वहीत दुखण्याच्या रकान्यात तीन दिवस लिहिलेलं होतं: “अनामिका, तळाशी, दहापैकी तीन.” मी तिन्ही दिवस खाली ‘ठीक’ लिहून सही केली. चिकलठाण्याच्या या शेडमधून पहिली पोरगी राज्याच्या संघात जाणार होती ना! माझ्या डोळ्यांसमोर तुझं बोट नव्हतंच, बातमी होती.

सहा जूनला मी आठ चकत्या लावल्या. तू वीस लिहिलंस. ते चोवीस होते.

तो आवाज तुलाही आठवत असेल. बाकीचं तुला माहीत आहे. पण दवाखान्याच्या बाकावरचं माझ्या तोंडून ऐक. वहाबभाई सिल्लोडहून मोटारसायकलवर आले होते, हातांना दुकानातल्या वॉर्निशचा वास होता. त्यांनी मला विचारलं, “सर, डॉक्टर म्हणायले ताकदीपेक्षा जास्त वजन घेतलं. वहीत तर वीस हाय. वीस जास्त होतं का?” तेव्हा माझ्या हातात दोन उत्तरं होती. खरं सांगायचं, किंवा ‘माझा अंदाज चुकला’ म्हणायचं, तेही चाललं असतं, तेही निम्मं खरं होतं. मी म्हटलं, “वीसनं असं होत नाही. घरी बोर्डवर काही जास्तीचं केलं असेल.”

बोर्ड मीच दिला होता. ईदला, सागवानाचे तुकडे घासून, कॉलेजसाठी तू राहायचीस त्या खालाच्या दारावर ठोकायला, फक्त हात गरम करण्यापुरता. माझीच भेट मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली. तू म्हणालीस, “अब्बू, खुदा की कसम, घरी काही नाही केलं.” तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्या एक्स-रेच्या पाकिटाकडे बघत बसलो.

मग ते जे बोलले ते मी रोज ऐकतो. “सर, बोट तर बरं व्हईल. पण पोरगी झूट बोलायली, त्याचं काय करू? उसका कौन सा डॉक्टर है?” आणि तुझी बॅग उचलून ते तुला घेऊन गेले. कॉलेज सुटलं, खालाचं घर सुटलं. मी तोंड उघडलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं. सिल्लोड इथून दीड तासावर आहे, एस.टी. दर तासाला सुटते. दीड वर्षात मी एकदाही चढलो नाही.

नवीन चकत्या आल्या आहेत. बरोब्बर अडीच किलोच्या, तीन काट्यांवर तपासल्या. माझा बेत असा होता की त्या तुला पाठवायच्या, जुन्या भंगारात घालायच्या, आणि तू आठ-नऊपासून हळूहळू वर चढलीस की सगळं आपोआप मिटेल. तुला कळलंही नसतं. तू आयुष्यभर ‘माझी बोटं वीसला फाटणारी’ असं म्हणत राहिली असतीस, आणि मी प्लॅनच्या खाली सही करत राहिलो असतो.

आणि मागच्या पत्रात मी तुला विचारलं, वहाबभाई समोर बसतात का, त्यांना चहा करून दे! मला माझीच लाज वाटते.

मला माफी मागायची आहे, पण ती आधी मागायला मला तोंड नाही. आधी तुझ्या वडिलांना सांगायला हवं. तुझ्या हातून चिठ्ठी पाठवणार नाही, नाहीतर पुन्हा तूच त्यांच्यासमोर उभी राहशील. तू म्हणशील त्या दिवशी येतो. तू ‘येऊ नका’ म्हणालीस तर हेच सगळं त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवतो. भिंतीजवळच्या फळ्यावर मी आज कागद लावला आहे, सहा जूनला काय झालं होतं आणि कुणामुळे. सावनीच्या आईनं तो वाचला आणि पोरीला घेऊन गेली. मी अडवलं नाही.

वजनाला हात लावू नकोस, मी येईपर्यंत.

राजेंद्र सेलूकर


सिल्लोड, वहाबभाईंचं दुकान
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५, दुपार

माहनूर,

हे तुझ्या वडिलांच्या दुकानातल्या कार्डांवर लिहितो आहे. दुरुस्तीच्या मोटारीला बांधतात ती, वर भोक असलेली. दुसरा कागद सापडला नाही. सगळी मिळून सहा कार्डं होतील, क्रमांक घातले आहेत.

तू लिहिलं होतंस, “या. चकत्या घेऊन या. अब्बूंना मी काहीच सांगितलेलं नाही, तुमच्या तोंडून ऐकू दे.” म्हणून सकाळच्या एस.टी.नं आलो. चोवीस किलोची पिशवी मांडीवर होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बियाणं हाय का दादा?” मी व्हय म्हटलं. फुलंब्रीच्या पुढे वाटलं, उतरून परतीची गाडी धरावी. हेही सांगून टाकतो.

वहाबभाई मोटारीच्या कॉइलला तार गुंडाळत होते. मला ओळखलं. “बसा सर” म्हणाले, चहा सांगितला. मी चहा यायच्या आत सगळं सांगितलं, नाहीतर तो पिऊन परत गेलो असतो. ते ऐकताना तार गुंडाळायचे थांबले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “चकत्या कुठायत?”

तांब्याची तार मोजायचा त्यांचा काटा आहे ना, तो त्यांनी फडक्यानं पुसला. एकेक चकती ठेवली. वरचं २.५ अंगठ्यानं चाचपायचे आणि मग काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचे. तीन. तीन. तीन आणि वर दहा ग्रॅम. तीन. आठही केल्या, एकही सोडली नाही. मग आठही एकदम ठेवल्या आणि चोवीसचा आकडा बघत उभे राहिले.

मला वाटलं होतं शिव्या देतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. ते म्हणाले, “दीड साल, सर. दीड साल मी माझ्या पोरीला झूटी समजायलो. तिची अम्मी दोनदा बोलली, पोरगी तशी नाय. मी गौहरला गप केलं. म्हटलं, सर खोटं कशाला बोलतील? शिकलेला माणूस हाय.” मग चप्पल घातली. मी उठलो तर हातानंच बसा म्हणाले. “तुम्ही नका येऊ. आधी माझी बारी हाय. दुकान बघा जरा.”

ते गेले आणि मी तुमच्या दुकानात बसून राहिलो. एक शेतकरी पंप टाकायला आला, त्याला म्हटलं मालक घरी गेलेत. तो म्हणाला, “भर दुपारी? तब्येत बरी हाय ना?” मी त्याचा पंप आत घेऊन ठेवला.

पाऊण तासानं वहाबभाई परत आले. डोळे लाल होते, ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. घरी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि ते माझ्या कानावर यायचं कारणही नाही. एवढंच म्हणाले, “कपाटाची चाबी तिला देऊन टाकली.” मग खाली बसून कॉइल परत हातात घेतली. “सर, मी तुम्हाला माफ नाय केलं. करीन का ते ठाऊक नाय. पण ती म्हणती, चढायचंय, आणि भिंत तर तुमच्याकडंच हाय. रविवारी मी तिला घेऊन येतो. हा काटा पण घेऊन येतो. वजन मी मोजणार. तुम्ही फक्त किती ते सांगा, बाकी हात लावायचा नाय.” मी हो म्हटलं. तू मला सर म्हणायला नको, माझ्याकडे बघायलाही नको. काट्याकडे बघ, वडिलांकडे बघ आणि चढ.

आणि मग त्यांनी खिशातून तुझी चिठ्ठी काढून दिली. मला वाटलं तू लिहिलं असशील, परत येऊ नका, किंवा का केलंत. त्याला माझ्याकडे उत्तर होतं, चुकीचं का असेना. तू लिहिलंस:

“चोवीस मी किती सेकंद धरलं होतं?”

माहनूर, घड्याळ माझ्या हातात होतं. दहा सेकंदांचा प्लॅन होता. नवव्याला आवाज झाला. मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मलाच कळलं असतं की मी काय मोडलं. आजवर माझ्या भिंतीवर चोवीस किलो इतका वेळ कुणी धरलेलं नाही. हिमांशूनंही नाही, आणि तो तुझ्या दुप्पट आहे. तुझी बोटं कच्ची नव्हती. सगळ्यांत पक्की होती, आणि तीन दिवस दुखत असतानाही पक्की होती.

पाचव्या आठवड्यासाठी चोवीसाचे साठ टक्के होतात चौदा आणि वर थोडं. पण तो आकडा तुझ्या हक्काचा म्हणून सांगतो, लावायचा म्हणून नाही. फाटलेल्या बोटाला आठ. हा आकडा यावेळी खरा आहे, आणि वहाबभाई तो मोजून देतील. दुखणं एक जरी झालं तरी त्या दिवसाचं काम बंद.

आता वही उघड, सहा जून २०२४ चं पान. मी राहू दे म्हटलं होतं, राहू द्यायचं नाही. ती ओळ पुरी कर. वीसवर एकच आडवी रेघ मार, खालचा आकडा दिसला पाहिजे. मग हे शेवटचं कार्ड त्या पानाला टाचणीनं लाव. चूक ज्याची त्याची सही, असा नियम आहे.

वजन: २४ किलो.
सेकंद: ९.
दुखणं: आधीपासून तीन. तिनं लिहिलं होतं, मी वाचलं नाही.
घरी: काही नाही.

राजेंद्र सेलूकर